सकाळपुरता वाहणारा झरा

मॉरिशसहून परत आल्यावर जो तो मला समुद्राबद्दल विचारी. समुद्र मी दोनदा पाहिला. एकदा विमानातून आणि एकदा पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीच्या खिडकीतून. तोही अर्धाच, कारण उरलेल्या खिडकीला फायलींचं कपाट टेकवलेलं होतं. बाकीचे दिवस मी पावसात छत्री धरून, रस्त्यात खणलेल्या खड्ड्यांच्या काठावर उभी होते. निळं पाणी आणि पांढरी वाळू यांचं वर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी विचारावं. मी फिनिक्स नावाच्या गावाबद्दल सांगू शकते, आणि एका बहीण-भावाबद्दल.

फिनिक्स

मी पाणीपुरवठा खात्यातली इंजिनिअर. नोकरीची बहुतेक वर्षं मराठवाड्यात आणि सोलापूरकडे गेली. टँकरच्या फेऱ्या, आटलेल्या विहिरी, हंडे मोर्चे, आणि निवेदन घेऊन आलेल्या लोकांपुढे दरवर्षी तेच तेच बोलणं. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं आणि मी पन्नाशी. एक दिवस साहेबांनी विचारलं, मॉरिशसला जाल का? तिथल्या वाढत्या शहरांना पाणी पुरेनासं झालंय, त्यांनी आपल्याकडून माणूस मागितलाय, आणि तिथे मराठी बोलणारे लोकही आहेत. मी हो म्हटलं. उत्साह वगैरे काही नव्हता. दीड महिना टँकर डोळ्यांसमोर येणार नाही, एवढाच विचार होता.

बेट म्हणजे गरम, असं धरून मी सुती साड्या घेऊन गेले. फिनिक्स बेटाच्या मध्यावर, उंच पठारावर आहे, आणि ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा. विमानतळावरून वर चढत आलो तसा गारठा वाढत गेला आणि भुरभुर पाऊस सुरू झाला. तो मी असेपर्यंत मनापासून असा थांबलाच नाही.

मला न्यायला विष्णू आला होता. वय चाळिशीच्या जवळपास, फिनिक्स भागाच्या पाण्याची जबाबदारी त्याच्याकडे. त्याचं आडनाव महादू. कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला आलेल्या पणजोबांचं हे नाव. बोटीवरून उतरताना कारकुनाने लिहून घेतलं, आणि मग पुढच्या सगळ्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. विष्णूचं मराठी आजीकडून आलेलं होतं. मधे मधे त्यात क्रेओल, म्हणजे तिथली घरोघरची भाषा, आपोआप मिसळायची.

"ताई, हॉटेल लांब हाय, समुद्राकडं. तुमी आमच्या घरी ऱ्हावा. लीलानं खोली केलीय," तो म्हणाला. मग माझ्याकडे स्वेटर नाही हे पाहून त्याने स्वतःचा कोट काढून दिला. तो कोट मी दीड महिना वापरला.

पहिल्या पहाटे मी दचकून जागी झाले ती लीलाच्या हाकेने. "दिलो! दिलो आला!" विष्णूची बायको लीला शाळेत शिक्षिका. एरवी अगदी सावकाश बोलणारी. पण नळाला पाणी, म्हणजे दिलो, आलं की ती घरभर धावायची. बादल्या, पातेली, न्हाणीघरातलं पिंप, सगळं भराभर भरायचं. बाहेर पाऊस पडत होता, आणि आत माणसं पाण्यासाठी पळत होती. मी अंथरुणात बसून ऐकत राहिले. मला वाटलं, मी लातूरलाच आहे.

अंघोळीला गेले, अंगाला साबण लावला, आणि नळाने एक उचकी देऊन पाणी बंद केलं.

"लीला, नळ गेला गं!"

"आयो, ताई! थांबा, लाप्लीचं पानी देते." लाप्ली म्हणजे पाऊस. पन्हळीखाली ठेवलेल्या पिंपातलं पाणी तिने दाराच्या फटीतून आत सरकवलं. ते इतकं गार होतं की साबण निघाला की नाही याची चौकशी मी केली नाही. न्याहारीला व्हॅनिलाचा वास असलेला चहा आणि धोलपुरी होती. वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, वर टोमॅटोचा तिखट रस्सा. आपल्या पुरणपोळीचा गूळ काढून तिला मिरची खायला घातली तर अशी लागेल. मी तीन खाल्ल्या, तेव्हा कुठे अंगात ऊब आली.

मग विष्णूबरोबर गावात फिरले. गाव कुठे संपतं ते कळत नव्हतं. उसाच्या शेतांत सिमेंटची घरं उगवली होती, कित्येकांच्या गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळ्या तशाच उभ्या. स्वेटर विणणारे कारखाने नवे नवे आले होते. सकाळी बसगाड्या भरभरून मुली उतरत आणि आत जात. लोकर धुवायला आणि रंगवायला पाणी लागतं, फार लागतं. एका कारखान्याचा व्यवस्थापक आम्हाला फाटकातच भेटला आणि विष्णूला म्हणाला की आठवड्यातून दोनदा रंगखाना बंद ठेवावा लागतो, असं चाललं तर मालक यंत्रं दुसऱ्या देशात हलवतील. त्याच्यामागून मुली आत जात होत्या. विष्णू त्यांच्याकडे बघत होता.

"गाव वाढला, कारखाने आले, पोरी खेड्यातून इथं ऱ्हायला आल्या," गाडीत बसल्यावर तो म्हणाला. "पानी तेवढंच. माझ्या दारात रोज मानसं. कि पू फेर, ताई?" काय करणार, असा त्याचा अर्थ. हे तीन शब्द मी त्या बेटावर सगळ्यांच्या तोंडून ऐकले, आणि शेवटी शेवटी माझ्याही तोंडून.

त्याच्याकडे एक योजना होती. खाली, रोझ बेल गावाच्या वरच्या अंगाला एक बारमाही झरा आहे. तो अडवायचा, पंपाने पाणी पठारावर चढवायचं आणि फिनिक्सला द्यायचं. मापं घेऊन झाली होती, वरिष्ठांना योजना आवडली होती, कारखान्यांना शब्द दिला गेला होता. बाहेरच्या तज्ज्ञाचा होकार तेवढा हवा होता. तज्ज्ञ म्हणजे मी.

"तुमी हो म्हटलं की झालं," विष्णू म्हणाला.

"आधी झरा दाखव."

"दाखवतो. पन तिथं माझी बहीन ऱ्हाते."

रोझ बेल

फिनिक्सवरून खाली उतरलो की पाऊस मागे राहतो. दोन्ही बाजूंना ऊस, डोक्यापेक्षा उंच, आणि मधे काळ्या दगडांचे ढीग. शेतं साफ करताना मजुरांनी वेचून रचलेले. त्यातले काही महादूच्या हातचे असतील, विष्णू म्हणाला.

सखू त्याची मोठी बहीण. तो तिला आक्का म्हणतो. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन फिनिक्सला. ती एकटी, झऱ्याच्या पाण्यात क्रेसों पिकवते. ही भाजी वाहत्या पाण्यातच येते. पानं बारीक गोल, चवीला मोहरीच्या पाल्यासारखी. झऱ्याचं पाणी दगडांच्या बांधांवरून एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरतं आणि सगळा उतार हिरवागार दिसतो. आम्ही पोचलो तेव्हा सखूआक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून विळ्याने भाजी कापत होती. रबरी बूट, डोक्याला फडकं, लुगडं वर खोचलेलं. तिने मला हात जोडले. भावाकडे पाहिलंही नाही.

"या, बसा. तुमी मराठी बोलता, आयकून बरा वाटला," ती म्हणाली. मग माझ्याकडेच बघत, "त्याला सांगा, पाय धुवून घे म्हनावं. चिखल हाय."

विष्णूही माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्काला सांगा, धुतो."

मापं घेणारे लोक झऱ्यावर आले, आणि त्यांच्या पुढे आपला भाऊ चालतोय हे तिने वाफ्यातून पाहिलं, त्या दिवसापासून हे असं चाललं होतं. मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जेवायला भात, मसुराची आमटी, लसूण घालून परतलेली क्रेसों आणि भाजलेल्या सुकटीची चटणी. ती चटणी खाल्ली आणि माझी रत्नागिरीची मावशी आठवली. मी तसं म्हटल्यावर आक्का पहिल्यांदा हसली आणि मला आणखी वाढलं. विष्णूलाही वाढलं, पण वाढताना तोंड माझ्याकडे.

जेवण झाल्यावर ती मला झऱ्याच्या उगमाशी घेऊन गेली. काळ्या खडकाच्या खालून पाणी येत होतं, आवाज न करता. मी हात घातला. असं पाणी पाहिलं की माझ्या मनात दोन विचार एकदम येतात: किती सुंदर, आणि किती माणसांना पुरेल. दुसरा विचार नोकरीने लावलेला आहे, तो आता जात नाही.

"ह्या पान्याला वाहता ठेवायला लागतो," आक्का म्हणाली. "थांबला की भाजी कुजते. मी धा-बारा वर्साची व्हते तवापासनं ह्यात उभी हाय. आई गेली, तवा ह्याला पाठीला बांधून मी भाजी कापली." ह्याला म्हणजे विष्णूला. तो मागे उभा होता.

"आक्काला सांगा," तो माझ्या पाठीमागून म्हणाला, "तिच्या मीनाच्या घरी रोबिनेतून, नळातून, थेंब येत नाय. मीना कामावर जायच्या आधी पान्याचे डबे घेऊन चढ चढते. पोटुशी व्हती तेव्हा पन चढत व्हती. हे पानी मला एकट्या कारखान्यासाठी नको. मीनाला मी काय सांगू?"

आक्काने वाकून उगमापाशी अडकलेली दोन वाळकी पानं काढून टाकली. मग ती बोलली, मलाच. "तिला सांगा, आयशीचा झरा पिऊन टाक म्हनावं."

परतीच्या वाटेवर विष्णू गाडी चालवत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मला थकवा आला होता. आपल्याकडे मी हे भांडण अनेकदा पाहिलंय, गावाचं पाणी शहर नेतं. पण तिथे गाव एका बाजूला आणि शहर दुसऱ्या बाजूला असतं. इथे दोन्ही एकाच घरात होती, आणि दोघांचंही खरं होतं. होकार द्यायला मला एक ओळ पुरली असती. ती मी तेव्हा लिहिली नाही, एवढंच. नकार द्यायला माझ्याकडे कारणही नव्हतं.

पुन्हा फिनिक्स

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विष्णूला म्हटलं, मला मीनाच्या घरी ने.

मीनाची गल्ली एका कारखान्याच्या भिंतीमागे, चढाच्या टोकाला आहे. ती नुकतीच खालच्या सार्वजनिक नळावरून पाणी घेऊन आली होती. पंचविशीची मुलगी, तोंडावर आईची ठेवण. तिला मराठी समजे, पण उत्तर क्रेओलमध्येच येई आणि विष्णू ते मला सांगे. घरात नळ होता, चकचकीत. मीनाने तो फिरवून दाखवला. नळाने साधी हवाही सोडली नाही.

घरामागे, कारखान्याच्या भिंतीलगत एक ओहोळ वाहत होता. चांगला हातभर रुंद, स्वच्छ. चार-पाच बायका दगडांवर कपडे धूत होत्या. त्यातली सर्वांत म्हातारी मादाम सेसिल. आफ्रिकन वंशाची क्रेओल बाई, काळीसावळी, उंच, डोक्यावर गवती टोपी. घरोघरचे कपडे आणून धुणं हाच तिचा धंदा. विष्णू म्हणाला की हा गावचा झरा, त्याच्या आठवणीत कायमच आहे, पठारावर पाऊस इतका की असे झरे पुष्कळ.

माझ्या चपला चिखलाने भरल्या होत्या. मी वाकून हात धुतले आणि ओंजळ नाकाशी नेली. काही हेतू नव्हता, सवय. ब्लीचिंग पावडरचा वास आला. अगदी पुसट, पण तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. झऱ्याच्या पाण्यात कोणी ब्लीचिंग पावडर घालत नाही. साबणाचा असेल म्हणून मी धुणाऱ्या बायकांच्या वरच्या बाजूला जाऊन पुन्हा वास घेतला. तोच.

विष्णूला मी काही बोलले नाही. दुपारी एकटीच, त्याचा कोट घालून, परत आले. नळाचं पाणी सकाळीच बंद झालं होतं. ओहोळात दगडांमधून एक बारीक धार उरली होती. बायका गेल्या होत्या. पाऊस मात्र सकाळसारखाच पडत होता.

तिसऱ्या दिवशी विष्णूने सकाळी, भर पुरवठ्याच्या वेळी, माझ्या सांगण्यावरून वरच्या रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद केला. मी ओहोळाशी उभी राहिले. थोड्या वेळाने पाणी उतरायला लागलं. आधी काठचे दगड ओले दिसले, मग मधले वर आले. बायकांनी धुणं थांबवून एकमेकींकडे पाहिलं. मादाम सेसिलने माझ्याकडे पाहिलं. व्हॉल्व्हवरून विष्णू धावत आला आणि उघड्या पडलेल्या दगडांकडे बघत उभा राहिला. मग तो त्यातल्याच एकावर, पँटची पर्वा न करता, बसला.

"हा आमचाच पानी," तो म्हणाला. "ताई, हा झरा नाय. हा आमचा तलावाचा पानी. औषध घालून, गाळून, आमी हा जमिनीत ओततो." आणि जरा वेळाने, "आनि मी आक्काचा झरा उपसायला निघालो व्हतो. तो पन ह्याच नळात घातला असता."

पुढचे दिवस आठवले की अजून पाठ दुखते. ज्या बिडाच्या नळातून गळती होती तो फार जुना होता, गाव लहान असतानाचा. त्याचे सांधे शिशाचे. वरून तेव्हा बैलगाड्या जात. आता कारखान्यांचे ट्रक जात होते आणि सांधे हलले होते. रस्ता खणायला घेतला. पावसाने खड्डा भरे, तो उपसावा लागे, की पुन्हा भरे. पाणी पूर्ण बंद ठेवावं लागलं, त्यामुळे खालच्या आळीतले लोक चिडले. एका बाईने रिकामी बादली आमच्या खड्ड्यात फेकली आणि बरंच काही बोलली. त्याचं भाषांतर विष्णूने केलं नाही. त्याने खड्ड्यात उतरून बादली काढली, धुतली आणि तिच्या हातात दिली. ती आणखीच चिडली.

सांधा नव्याने भरला, पाणी सोडलं, आणि थोडं पुढे रस्त्याच्या मधोमध दुसरीकडून पाणी उसळलं. दाब वाढल्यावर असं होतं. मला माहीत होतं, तरी मी फुटपाथवर बसले आणि कपाळाला हात लावला. कोपऱ्यावरच्या धोलपुरीवाल्याने काही न विचारता मला कागदात गुंडाळलेली गरम पुरी आणून दिली. दुसरा सांधा भरला. मग तिसरा.

अखेर एका सकाळी मीनाच्या नळाने खोकल्यासारखा आवाज केला. आधी तांबडं, गंजाचं पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. मीनाने बाळाला कडेवर घेऊन त्याचा हात धारेखाली धरला. बाळ दचकून रडायला लागलं. शेजारणी बघायला आल्या. विष्णूने चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला.

मी मागच्या दाराने बाहेर आले. ओहोळ कोरडा होता. मादाम सेसिल कपड्यांची पाटी डोक्यावर घेऊन काठावर उभी होती. मला पाहून ती शांतपणे म्हणाली, "कोत मो पू लावे आस्तेर?"

आता मी कुठे धुऊ? एवढं क्रेओल मला तोपर्यंत कळायला लागलं होतं. पाणी चोरीला जात नव्हतं, वाया जात होतं असंही पूर्णपणे म्हणता येत नव्हतं. ते हिच्या हातातून जात होतं. विष्णूने पुढे तिच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी एक नळ आणि धुण्याचा दगड बसवून घेतला. त्यासाठी त्याला कचेरीत पुष्कळ बोलावं लागलं. ती तिथे धुवायला येऊ लागली. पण तिथे रांग असे, आणि पाणी गेलं की साबणाचे कपडे पाटीत भरून ती वाट बघत बसे. मी येता-जाता तिला नमस्कार करायची. ती मान हलवायची. ह्याहून जास्त आमचं काही जमलं नाही.

पोर्ट लुई

माझा अभिप्राय द्यायला आम्ही राजधानीत गेलो. पठारावरून खाली आल्यावर ऊन लागलं, तेव्हा मी विष्णूचा कोट काढला. वरिष्ठ अधिकारी सौम्य, पिकल्या केसांचे गृहस्थ होते. चहा मागवला, माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मी म्हटलं की झऱ्याची योजना आत्ता करू नये. पाणी खालून वर चढवायचं आणि गळक्या नळांत सोडायचं याला काही अर्थ नाही. आधी जुने नळ सांध्यासांध्याने तपासावेत, कारखान्यांनी लोकर धुतलेलं पाणी पुन्हा वापरावं, घरांच्या पन्हळींचं पाणी टाक्यांत साठवावं. मग कमी पडलं तर झऱ्यातून थोडं घ्यावं, खालच्या वाफ्यांना वाहतं पाणी ठेवून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे, मादाम," ते म्हणाले. "पण पंपाचं उद्घाटन होतं. सांध्याचं होत नाही."

"आमच्याकडेही होत नाही," मी म्हटलं. आम्ही दोघंही हसलो, आणि ते हसणं लगेच संपलं.

मग ते विष्णूकडे वळले. "ही योजना तुम्हीच मांडली होती. कारखान्यांना तुम्हीच सांगितलंत."

विष्णूने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं तो माझ्याकडे बघेल. त्याने पाहिलं नाही. "होय, सर. मीच मांडली. आता नको, असंही मीच म्हणतोय. कारखान्यांना मी जाऊन सांगेन."

पुढे ते दोघं इंग्रजी सोडून फ्रेंचमध्ये बोलू लागले. आवाज चढले नाहीत, पण विष्णूचे कान लाल झाले. मी खिडकीतून अर्धा समुद्र बघत बसले. शेवटी ठरलं ते असं: योजना यंदा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. दुरुस्तीसाठी त्याने जेवढी माणसं मागितली होती त्याच्या निम्मी मिळतील. नोकरीत त्याला याची किंमत मोजावी लागेल हे जिना उतरताना त्यालाही कळलं होतं आणि मलाही. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "आता?"

"आता भूक लागलीय," तो म्हणाला. आम्ही बाजारात उभ्या उभ्या मिरचीची भजी खाल्ली, आणि दोघांनाही ठसका लागला.

निघण्याआधीचा रविवार

मी निघणार म्हणून मीनाने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. लीला, विष्णू आणि मी पोचलो तर आत सखूआक्का बसलेली. रोझ बेलहून बसने, क्रेसोंच्या जुड्या मांडीवर घेऊन आली होती. मुलीने बोलावलं म्हणून आली की मला भेटायला, ते कळलं नाही. योजना थांबल्याचं मीनाने तिला सांगितलं होतं. किती काळासाठी थांबली तेही सांगितलं होतं.

विष्णू दारातच घोटाळला. लीलाने त्याला हलकेच आत ढकललं. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. मीनाने चहा दिला. बाहेर नेहमीचा पाऊस.

आक्का उठली, मोरीपाशी गेली आणि नळ फिरवला. रविवारी पुरवठा जरा जास्त वेळ असतो, पाणी आलं. तिने ओंजळीत घेऊन एक घोट प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

"औषधाचा वास," ती म्हणाली. मला वाटलं, हेही माझ्याचसाठी. पण ती विष्णूकडे वळली होती. "असा गळका नळ अजून किती ठिकानी हाय?"

विष्णूने एकदा माझ्याकडे पाहिलं, सवयीने. मग तिच्याकडे. "लय हायत, आक्का. कुठं कुठं तेच अजून ठावं नाय."

"वर्साच्या आत सापडतील?"

"सगळे नाय सापडनार. मानसं कमी हायत."

"मग हितं काय बसलास?" आक्का म्हणाली. "जा, शोध."

"आज रविवार हाय, आक्का."

"नळ रविवारी गळायचा ऱ्हातो काय?"

मीनाला एवढं मराठी नीट समजलं असावं. पदर नसल्यामुळे तिने हसू लपवायला बाळाचं दुपटं तोंडाला लावलं. विष्णूने चहा संपवला आणि दारामागे ठेवलेली आपली लोखंडी कांब उचलली. कांबेचं एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं कानाला लावलं की खालच्या नळाचं गळणं ऐकू येतं. त्या दिवसांत ती कायम त्याच्याबरोबर असे. तो पावसात बाहेर पडला. मीही उठायला लागले, पण लीलाने माझा हात धरून मला खाली बसवलं.

आक्का दारात जाऊन उभी राहिली. विष्णू गल्लीतून जात होता, मधेच थांबून कांब टेकवत होता, कान लावत होता, पुढे जात होता. तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला तरी ती तिथेच होती. मग ती वळली, जुडी सोडून भाजी निवडायला घेतली, आणि मुलीला म्हणाली, "मामासाठी भात झाकून ठेव. त्याला यायला येळ लागंल."